लोखंडाचं लेथ, लाकडाचं लेथ: पेन नेमकं कशावर कातायचं?

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छे या कारखान्यांच्या भागात कुणालाही ‘लेथ’ (वस्तू गरगर फिरवून कातायचं यंत्र) विचारा, लोखंड कातणारंच लेथ दाखवतील. लाकडी पेन करायची हौस असलेला माणूस म्हणून आधी तिथंच पोचतो, आणि टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीरही म्हणतो, “आण की, लोखंड कापतंय, लाकडाला काय होतंय?” लाकूड कापलं जातं हे खरं. पेन होतंच असं नाही.

हेडस्टॉक (तुकडा फिरवणारी बाजू), टेलस्टॉक (समोरून आधार देणारी बाजू), बेड (खालचा लांब पाया) दोन्हीकडे असतात, म्हणून दिसायला दोन्ही भावंडंच. फरक हत्यार कोण धरतं यात आहे. लोखंडाच्या लेथवर टूल टूलपोस्टमध्ये (टूल पकडणाऱ्या खांबात) आवळलेलं असतं आणि हँडल फिरवू तसं सरळ रेषेत सरकतं. लाकडाच्या लेथवर असं टूल सरकवणारं कॅरेज नसतं. पुढे फक्त टूल रेस्ट (हत्याराचा टेकू), त्यावर टेकवलेलं गाउज (खोलगट धारेचं हत्यार) किंवा स्क्यू (तिरक्या धारेचं), आणि ते धरणारे आपले हात.

साध्या स्लिमलाइन (बारीक अंगाच्या) पेनात लाकडाच्या आत ७ मिमीची पितळी नळी असते आणि कातताना टोकाला बुश, म्हणजे मापाची कडी, साधारण ८.३ मिमीची. म्हणजे कातून झाल्यावर नळीवर लाकूड उरतं अर्धा-पाऊण मिलिमीटर. टूलपोस्टमधलं बोथटसर टूल लाकडाचे तंतू कापत नाही, खरवडून उचकटतं. एवढ्या पातळ थरात तंतू उचकटला की खाली थेट पितळ दिसतं, तो तुकडा फेकायचा. स्क्यूची धार मात्र तिरकी चालते, तिची उतरती बाजू लाकडावर टेकलेली असते, त्यामुळे तंतू कापला जातो आणि पॉलिश पेपरचं काम निम्मं होतं. लोखंडाच्याच लेथवर कातायचं झालं तर नाक किंचित गोल केलेलं, ताजी धार लावलेलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, अगदी बारीक फीड (टूल पुढे सरकणं) आणि मशीनचा वरचा वेग. पण दुकानातली बरीच जुनी लेथ हजार आरपीएमच्या (मिनिटाला हजार फेऱ्यांच्या) आसपास थांबतात. पेनाला सुरुवातीला १५०० ते २०००, शेवटी २५००च्या पुढे लागतो.

स्क्यूला नवखे घाबरतात ते बरोबरच आहे. वरचं लांब टोक लाकडाला लागलं की हत्यार आत घुसतं आणि तुकडा फुटतो. धारेचा मधला आणि खालचा भागच वापरावा. रेस्ट लाकडापासून ३ मिमीवर ठेवावं, आणि लाकूड बारीक होईल तसं मशीन थांबवून जवळ घ्यावं.

भोक पाडण्यात मात्र लोखंडाचं लेथ सरस. चौकोनी तुकडा तीन जबड्यांच्या चकात (तुकडा पकडणाऱ्या भागात) बसत नाही, चार जबड्यांचा घ्यावा. आधी सेंटर ड्रिल (मधोमध सुरुवात करून देणारं आखूड ड्रिल), मग ७ मिमी. वेग ५०० ते ७००, आणि दर ८-१० मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडायचा. शिसवीचा तेलकट भुसा ड्रिलच्या खाचेत बसतो, तापतो, आणि आतून तडा जातो. तो कातताना दिसतो, तेव्हा उशीर झालेला असतो. नळी साधारण ५३ मिमीची असली तर तुकडा ६० मिमी घ्यावा, भोक आरपार न नेता थांबावं आणि टोक करवतीनं कापावं. आरपार नेलं की बाहेर पडताना ड्रिल लाकूड फोडतं. नळी चिकटवल्यावर फेसिंगही, म्हणजे टोक नळीशी सपाट कातणंही, इथेच सुरेख होतं. पितळ चकाकलं की थांबा, नळीच कापली गेली तर रिफिलचा हिशेब बिघडतो.

नळी बसवलेले तुकडे कातायला ज्या सळईवर ओवतात ते मँड्रेल. त्याच्या शेपटाची खाच ६० अंशांची असते. टर्नरचं रिव्हॉल्व्हिंग सेंटरही (टेलस्टॉकमधलं फिरतं टोक) ६० अंशांचंच, म्हणून ते चपखल बसतं. लाकडाच्या लेथबरोबर येणारं कपासारखं सेंटर तिथं बसत नाही, ६० अंशांचं वेगळं घ्यावं लागतं. टेलस्टॉक फार आवळलं तर मँड्रेल वाकतं आणि पेन अंडाकृती होतं: एका बाजूनं बुशाशी सपाट, दुसऱ्या बाजूनं जाड.

लोखंडाच्या लेथवर हातात गाउज धरून कातू नका. टेकवायला रेस्ट नाही, आणि चकाचे जबडे बाहेर आलेले असतात.

म्हणून खानापूरच्या सुताराकडून सागवान-शिसवीचे तुकडे आणले की भोक आणि फेसिंग टर्नरकडून करून घ्यावं, आकार लाकडाच्या लेथवर द्यावा. टर्नरला बेडवर कागद अंथरायला सांगा. भुसा तेल पितो आणि स्लाइडवर चिकटून बसतो. पॉलिश पेपरची भुकटी तर बेड घासूनच काढते. उलट बेडचं तेल लाकडाला लागलं तर डाग पडतो आणि त्या जागी सुपरग्लूचं फिनिश धरत नाही. ट्रेमध्ये भुसा साठवून लगेच लोखंडाचा जॉब लावू नये, लोखंडाच्या गरम किसानं तो पेटू शकतो. शिसवीच्या धुळीनं कातडीला खाज सुटते, श्वासालाही त्रास होतो. पेपर मारताना मास्क हवाच, मशीन कुठलंही असो.