‘ब्रन्सविक’वरची ओळख

मुंबईच्या निर्यातीचा इतिहास सांगताना बंदर, कापूस आणि भाव यांचा हिशेब मांडला जातो. कोण कोणाला ओळखत होतं, हे मात्र राहून जातं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या बाबतीत तर सगळी कहाणी तिथूनच सुरू होते.

१७८३ साली जन्मलेले जमशेटजी मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात तयार झाले, म्हणून ‘बाटलीवाला’. पुढे चीनच्या फेऱ्या सुरू झाल्या. १८०५ मध्ये ते ‘ब्रन्सविक’ जहाजावर असताना सिलोनजवळ फ्रेंचांनी ते पकडलं आणि कैदी झालेले प्रवासी थेट केप ऑफ गुड होपला पोहोचले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. या डॉक्टरने १८३२ मध्ये चीनमधल्या कँटनला ‘जार्डिन मॅथेसन’ ही पेढी काढली आणि जमशेटजी मुंबईहून तिच्याकडे माल पाठवणारे मोठे व्यापारी ठरले.

त्या काळी पत्राचं उत्तर यायला महिनोन्‌महिने लागत. माल निघताना कँटनचा भाव ठाऊक नसे आणि अडत्याने फसवलं तर चीनमध्ये दाद मागायची कुठे? कागदावरच्या करारापेक्षा माणूस कसा आहे, हेच तारण.

इकडची बाजूही एकट्याची नव्हती. जमशेटजींचे भागीदार पाहा: जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांचे हात माळव्यातल्या अफूपर्यंत पोहोचलेले, कोकणी मुसलमान महंमद अली रोगे यांचा जहाजवाल्यांत वावर, आणि गोव्याचे रोजेरियो दि फारिया यांचं पोर्तुगीज दमण आणि मकावमध्ये वजन. कंपनी सरकारने माळव्याच्या अफूची वाट अडवली की ती दमणमार्गे निघे. तिथे फारियांची ओळख कामी येई. (ज्या पैशातून पुढे जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्यात या अफूचा वाटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही.)

१८३१ च्या सुमारास इंग्रजांनी परवान्याची पद्धत आणली. कर भरून अफू उघडपणे मुंबईहून जाऊ लागली आणि दमणच्या ओळखीची किंमत उतरली. फारिया तर पुढे बुडालेच. जमशेटजी तगले, १८४२ मध्ये ‘सर’ झाले. पण माल विकणं, हुंडी वटवणं, लंडनशी बोलणं हे सगळं जार्डिनच्या पेढीच्या हातात राहिलं. मैत्री बरोबरीची असली तरी व्यवहार तसा नव्हता.

त्या पेढीचं दप्तर आज केंब्रिजला आहे. जमशेटजींच्या पत्रांच्या वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात.