पाण्याने थंड होणारा संगणक आणि इंदूरचा मे महिना

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतला उन्हाळा माठ आणि खिडकीत बसवलेला कूलर या दोघांच्या भरवशावर निघतो. दोन्हींत पाणी असते आणि दोन्हींतून गारवा मिळतो. त्यामुळे ‘वॉटर कूलिंग’ हा शब्द कानावर पडला की संगणकातही असेच काही घडत असणार, असा समज सहज होतो. रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याचाही तोच समज होता. चित्रफितींच्या संकलनासाठी तो नवे यंत्र जुळवत होता आणि “मामा, पाणी फिरवले म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा गार राहील ना?” असे त्याने मला विचारले होते.

तसे होत नाही, आणि का होत नाही हे कळले की रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी, नळ्या आणि पातळ पत्र्यांची जाळी) आणि त्यावरचे पंखे यांची निवड निम्मी सोपी होते. माठातले पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता ओढून नेते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतही हेच घडते. म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि जुलैत पाऊस लागला की नुसता दमटपणा देतो. संगणकातले पाणी मात्र बंद नळ्यांतून फिरते, त्याची वाफ हवेत जात नाही, आणि म्हणून ते खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. खोली ३६ अंशांवर असेल तर पाणी ३६च्या वरच राहणार. किती वर, एवढेच आपल्या हातात असते. याचा एक फायदाही आहे. नळ्या हवेपेक्षा गार नसल्यामुळे त्यांच्यावर दव धरण्याची भीती नसते, मग शेजारी कूलर चालू असला तरी.

या व्यवस्थेत पाणी हे केवळ हमाल आहे. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून ते उष्णता उचलते आणि रेडिएटरपाशी नेऊन टाकते. हे काम ते फार सहज करते: ३०० वॅट उष्णता घेऊन मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचे तापमान जेमतेम १ अंशाने वाढते. म्हणून महागडा, जोरकस पंप घेऊन फारसे काही साधत नाही. हीच ३०० वॅट उष्णता हवेला १० अंशांनी तापवून बाहेर काढायची असेल, तर मात्र सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा रेडिएटरमधून जावी लागते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत हवा उष्णता वाहून नेण्यात काही हजार पटींनी दुबळी आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते. बडोद्यात जे पंखे पुरतील त्यांना माळव्यात थोडे अधिक फिरावे लागेल. फरक लहान आहे, पण अगदी काठावरची निवड करणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

सगळा प्रश्न असा हवेपाशी येऊन थांबतो, आणि आवाजही तिचाच असतो.

रेडिएटर किती मोठा घ्यावा, याचा ढोबळ अंदाज असा: पाणी हवेपेक्षा १० अंश गरम राहिलेले चालत असेल आणि पंखे संथ असावेत अशी इच्छा असेल, तर १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमागे सुमारे १०० वॅट धरावेत. भाच्याचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर पूर्ण भारावर २३० वॅटपर्यंत जातो आणि त्याचे ग्राफिक्स कार्ड २०० वॅटचे आहे. म्हणजे ४३० वॅट झाले आणि त्यासाठी पाच पंख्यांची जागा हवी: एक ३६० मिलिमीटरचा आणि एक २४० मिलिमीटरचा रेडिएटर. कॅबिनेटमध्ये जागेची अडचण असेल तर १४० मिलिमीटरच्या पंख्यांकडे पाहावे. २८० मिलिमीटरच्या रेडिएटरचे दर्शनी क्षेत्रफळ ३९२ चौरस सेंटिमीटर भरते, तर ३६०च्याचे ४३२. दोनच पंख्यांत तीन पंख्यांच्या जवळपास पोहोचता येते. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर असताना अशा जोडणीतले पाणी ४६च्या आसपास राहील. अनेक पंपांची मर्यादा ६० अंशांची असते, हे लक्षात घेतले तर आपल्याकडे ठेवायची ढील परदेशी शिफारशींपेक्षा जास्तच हवी.

भाच्याची चूक मात्र आकारात नव्हती. बाजारातून त्याने ६० मिलिमीटर जाडीचा, गच्च पत्र्यांचा रेडिएटर आणला, कारण जाड म्हणजे जास्त थंड हे त्याला उघड वाटत होते, आणि त्यावर अगदी संथ, ‘सायलेंट’ म्हणून विकले जाणारे पंखे बसवले. पाणी तापतच राहिले. याचे कारण पंख्यांच्या नियमांत आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याने ढकललेली हवा निम्मी होते, पण त्याचा दाब एक चतुर्थांश उरतो. पत्र्यांच्या अरुंद फटींतून हळू वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा मात्र साधारण हवेच्या वेगाच्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावरच, येतो. दाब चौपटीने घटला आणि अडथळा दुपटीनेच, अशा व्यवहारात पंख्याची हार ठरलेली असते. पाती फिरत राहतात आणि हवा पलीकडे फारशी जातच नाही. गच्च पत्र्यांचा रेडिएटर हा वेगवान, गोंगाटी पंख्यांचा सोबती आहे. शांतता हवी असेल तर एका इंचात १० ते १२ पत्र्या असलेला, ३० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रेडिएटर घ्यावा आणि वाचलेले पैसे त्याची लांबी वाढवण्यात घालावेत.

लांबीवर खर्च करण्याचे गणित कानाला विशेष सुखावणारे आहे. पंख्याचा वेग अर्धा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. एकाच्या जागी तसे दोन पंखे लावले तर त्यात ३ डेसिबलची भर पडते. म्हणजे हवा तेवढीच, आणि आवाज १२ डेसिबलने कमी. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण निम्म्या आवाजासारखा वाटतो, हे ध्यानात घेतले तर हा सौदा किती फायद्याचा आहे ते कळेल. जास्त पंखे म्हणजे जास्त आवाज, ही सर्वसाधारण समजूत इथे अगदी उलटी ठरते.

पंखे निवडताना वेष्टनावरचे आकडे जपून वाचावेत. हवेचा जो सर्वोच्च आकडा छापलेला असतो तो समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो, आणि दाबाचा सर्वोच्च आकडा हवा पूर्ण अडवून. ही दोन टोके एकाच वेळी कधीच मिळत नाहीत आणि रेडिएटरवरचा पंखा कायम या दोहोंच्या मध्ये कुठेतरी चालतो. पातीची टोके आणि चौकट यांच्यात जितकी कमी फट, तितकी कमी हवा मागे गळते. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने आपल्या एका प्रसिद्ध १२० मिलिमीटर पंख्यात ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली आहे आणि त्याची किंमतही त्याच ऐटीची आहे. पंख्याच्या सुरात आणखी एक बारकावा असतो. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर त्याचा मुख्य स्वर १८० हर्ट्झचा असतो. शेजारचा पंखा १२१० फेऱ्यांवर असेल तर त्याचा १८१.५. नीट न जुळलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जशा एकत्र छेडल्यावर हेलकावतात, तशीच या दोन पंख्यांची घूं-घूं सेकंदाला दीड वेळा चढते-उतरते, आणि एरवी लक्षातही न येणारा आवाज त्रासदायक होतो. अशा वेळी एका पंख्याचा वेग मुद्दाम शंभरेक फेऱ्यांनी वेगळा ठेवला की हेलकावा ऐकू येईनासा होतो.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर बांधावा, असे मला वाटते. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळी घेते आणि पंखेही त्याबरोबर उगाच धापा टाकू लागतात. एक लिटर पाणी १ अंशाने तापायला २५० वॅटच्या भारावरही सुमारे १७ सेकंद लागतात. तोवर लहानसहान काम संपूनही गेलेले असते. निसर्गाने इथे आपल्यावर एक उपकारही केला आहे. मे महिन्यात जेव्हा पंख्यांना खरोखर जोर करावा लागतो, तेव्हा छताचा पंखा आणि कूलर यांच्या घरघरीत संगणक ऐकूच येत नाही. आणि माळव्यातल्या पौष-माघाच्या निःशब्द रात्री खोली १८ अंशांवर असते, तेव्हा तेच पंखे सर्वांत कमी वेगावर ठेवले तरी भागते.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर नर्मदाकाठच्या जलूद गावाहून चढवून आणलेले नळाचे पाणी पिण्यासाठी ठेवावे. नळाच्या पाण्यातले क्षार ब्लॉकच्या बारीक खाचांत साचतात. तिथे डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक, किंवा तयार कूलंटच हवे. तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नये, कारण पाण्यात बुडालेल्या या दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. कारखान्यात भरून सील केलेल्या संचांत ही जोडी दिसते, ती गंजरोधकाच्या भरवशावर.

राहता राहिली धूळ. २०१७पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदुरातही एप्रिल-मेच्या वाऱ्यात ती घरात येतेच, आणि विरळ पत्र्यांचा रेडिएटर इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो, कारण तो मऊ ब्रशने स्वच्छ होतो. भाच्याने जाड रेडिएटर बदलून टाकला आहे. आता तो उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पत्र्यांवरून ब्रश फिरवतो आणि हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवतो, कारण फवाऱ्याने ती भरधाव फिरली तर बेअरिंगवर उगाच ताण येतो.