गोणपाटापासून पिंजऱ्यापर्यंत

कोकणात घरातली मांजरं फार झाली की एक जुना उपाय करतात. मांजर गोणपाटात घालायचं, तोंड सुतळीनं बांधायचं आणि नदीपलीकडे नेऊन सोडायचं. गोणपाट अशासाठी की वाट दिसू नये, आणि नदी अशासाठी की मांजर पाण्यात उतरत नाही. मुंबईत नदीची जागा मासळी बाजारानं घेतली. "तिथे खायला तरी मिळेल," असं म्हणत सोसायटीतली मांजरं रिक्षातून बाजारात पोचवली जातात. एखादं आठवड्याभरात परत दारात येऊन बसतं. बाकीच्यांचं काय झालं हे सोडणाऱ्याला कधी कळत नाही, आणि म्हणूनच बहुधा हा उपाय टिकून आहे.

संख्या मात्र त्यानं कमी होत नाही. भाटी, म्हणजे मांजराची मादी, पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय तिच्यात बीज सुटतं तेच बोक्याशी संग झाल्यावर, त्यामुळे संधी फारशी फुकट जात नाही. जन्मलेली पिल्लं जगतात असंही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मोकाट भाट्यांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्यांतली १२७ मेली किंवा दिसेनाशी झाली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. बहुतेकांच्या नशिबी सातवं घर नसतंच.

आपल्याकडे या प्रश्नाची सरकारदरबारी नोंद व्हायला फार उशीर झाला, कारण भटकं जनावर म्हणजे कुत्रा असंच समीकरण होतं. मुंबईत १८३२ साली पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, दंगल झाली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था आली, १८८३ मध्ये परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आलं. पण महापालिकेनं कुत्री मारणं १९९४ पर्यंत चालूच ठेवलं होतं. मग २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले, म्हणजे मारण्याऐवजी नसबंदी, तेही नावातच 'कुत्रे' लिहिलेले. त्यामागे रेबीजची भीती होती. मांजराची तशी भीती कुणाला नव्हती. ते रात्री भांडतं, जिन्यात घाण करतं, स्कूटरची सीट ओरबाडतं. पण एवढ्यासाठी कायदा कोण करणार?

त्यामुळे मांजरांच्या नसबंदीचा इतिहास पाहायला परदेशात जावं लागतं, आणि तिथेही सुरुवात सरकारनं केली नाही. इंग्लंडमध्ये कारखान्यांच्या नि इस्पितळांच्या आवारात मांजरांचे कळप असायचे, आणि ते वाढले की मारून टाकायचे, हा शिरस्ता होता. सिलिया हॅमंड ही साठच्या दशकातली नावाजलेली मॉडेल. ती रात्री पिंजरे घेऊन मांजरं पकडू लागली, ऑपरेशन करून परत सोडू लागली. रूथ प्लांट यांनी सत्तरच्या दशकात याच कामासाठी संस्था उभी केली. १९८० मध्ये तिथल्या प्राणीकल्याण क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी मोकाट मांजरांवर परिषद भरवली, तेव्हा कुठे 'पकडा, ऑपरेशन करा, परत सोडा' ही गोष्ट गंभीरपणे बोलली जाऊ लागली. भूल असतानाच कानाचं टोक सरळ रेषेत कापतात ते एवढ्यासाठी, की तीच भाटी पुन्हा पकडली जाऊन पुन्हा तिचं पोट उघडलं जाऊ नये.

रोममध्ये मांजरांना खाऊ घालणाऱ्या बायकांना 'गत्तारे' म्हणतात. शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढावं ही तिथलीही रीत. पण इटलीनं १४ ऑगस्ट १९९१ च्या कायद्यानं मोकळ्या मांजरांना जिथे आहेत तिथे राहू द्यायचं ठरवलं आणि नसबंदीचं काम सरकारी पशुवैद्यकीय सेवेवर सोपवलं. दहा वर्षांत रोममध्ये सुमारे ८,००० मांजरांची ऑपरेशनं झाली. पाहणीत दिसलं की संख्या घटली. पण त्याच वसाहतींत सुमारे २१ टक्के मांजरं नव्यानं येत होती, काही आपणहून आणि काही लोकांनी आणून सोडलेली. गोणपाट तिथेही होतंच म्हणायचं.

जपानचा किस्सा मला जास्त जवळचा वाटतो. योकोहामाच्या इसोगो भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस खायला घालणारे आणि वैतागलेले शेजारी यांची भांडणं विकोपाला गेली. त्यातून 'चिइकी नेको', म्हणजे वस्तीची मांजरं, ही पद्धत निघाली. ठरल्या वेळी खायला घाला, भांडी उचला, घाण साफ करा, ऑपरेशन करून घ्या. आपल्या सोसायटीच्या सभेत हे चार मुद्दे मांडून पाहा, मग कळेल जपान किती लांब आहे. तिथे कानाला खाच पाडतात. तिचा आकार चेरीच्या पाकळीसारखा, म्हणून अशी मांजरं 'साकुरा नेको'.

मारून टाकण्याचा मार्गही आजमावून झालाय. दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटावर १९४९ मध्ये उंदरांसाठी पाच मांजरं नेली. १९७७ पर्यंत ती तीन हजारांवर गेली आणि समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडू लागली. विषाणू सोडला, मग बंदुका, सापळे, विष. बेट रिकामं व्हायला १९९१ उजाडलं. पक्ष्यांसाठी ते योग्यच होतं. पण तिथे नवं मांजर आणून सोडणारं कुणी नव्हतं, तरी चौदा वर्षं गेली. मुंबई हे तसं बेट नाही.

मुंबई महापालिकेनं संस्थांच्या मदतीनं मांजरांची नसबंदी हाती घेतली ती २०१९ च्या आसपास. मार्च २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून 'कुत्रे' गेलं आणि 'सामुदायिक प्राणी' हा शब्द आला. त्याआधी कितीतरी वर्षं हे काम बायकांच्या खिशातून चाललं होतं, आणि अजूनही बरंचसं तसंच चालतं: डॉक्टरची फी, रिक्षा, ऑपरेशननंतर भाटीला चार दिवस ठेवायला बाथरूम.

आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पिंजरा लावतात तेव्हा आदल्या दिवशी कुणालाच खायला घालत नाहीत. आत खालच्या पत्र्याच्या फळीवर वर्तमानपत्र, त्याच्याही पलीकडे बांगड्याचं डोकं. फळीवर पाय पडला की दार खाली. मग लगेच वर जुनी चादर टाकायची. अंधार झाला की धडपड थांबते. गेल्या महिन्यात तीनदा पिंजरा लावला आणि तीनही वेळा आत सापडला तो कान कापलेला बोका, बांगडा संपवून निवांत बसलेला. हवी होती ती करडी भाटी मीटरच्या खोक्यावरून सगळं पाहत होती.

आता काकूंनी दार नाड्यानं वरच बांधून ठेवलंय आणि रोजचं जेवण पिंजऱ्यातच ठेवतात. भाटी येते, खाते. मागचे दोन पाय अजून बाहेरच असतात.