फ्लॅश लॅम्पवर चालणाऱ्या लेसरची बांधणी : बेळगाव सीमाभाग

स्फटिकाच्या दांड्यातील आयनांना प्रखर दिव्याने उत्तेजित करून मिळवलेला हा लेसर. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या दांड्याभोवती झेनॉनचा सर्पिल दिवा बसवून जगातील पहिला लेसर चालवला, तो याच जातीचा. १९६४ साली आलेल्या निओडिमियम-यॅग (निओडिमियमचे आयन मिसळलेला यट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) स्फटिकाला माणकापेक्षा पुष्कळ कमी ऊर्जा पुरते. नव्याने बांधणाऱ्याने तोच घ्यावा.

निपाणी, खानापूर, चिकोडीकडची मराठी मुले अभियांत्रिकीसाठी बेळगावात येतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे. पण या कामात उद्यमबागेतील लेथ-मिलिंगच्या कारखान्यांचे मोल अधिक. दांडा, दिवा आणि आरसे विकत आणावे लागतात. लेसर चालेल की नाही, हे बाकीच्या यंत्रकामावर ठरते.

त्यातही कस लागतो तो पंप-कक्षाचा, म्हणजे दिवा आणि दांडा ज्यात बसतात त्या पोकळ ठोकळ्याचा. आतील पोकळी लंबवर्तुळाकार कापायची, एका नाभीवर दिवा आणि दुसऱ्या नाभीवर दांडा बसवायचा. मग दिव्याचा प्रकाश भिंतीवर परावर्तित होऊन दांड्यावरच येतो. हा आकार वायरकटवर (तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापता येतो. आतून आरशासारखे पॉलिश करून सोन्याचा मुलामा देतात, कारण निओडिमियम शोषतो ते ७३० ते ८२० नॅनोमीटरच्या आसपासचे पट्टे सोने उत्तम परावर्तित करते.

दिलेल्या विजेपैकी जेमतेम १ ते ३ टक्के लेसर म्हणून बाहेर पडते. उरलेली बहुतेक उष्णताच. म्हणून दिवा व दांडा वाहत्या पाण्यात ठेवतात. बोअरवेलचे पाणी इथे चालत नाही: त्यातील क्षार काचेवर बसतात आणि विजेलाही वाट देतात. आयनमुक्त पाणीच हवे.

दांड्याच्या दोन्ही टोकांसमोर आरसे असतात, एक पूर्ण परावर्तक, दुसरा अंशतः पारगामी. हेलियम-निऑन लेसरच्या लाल किरणाने ते समांतर जुळवतात. त्यासाठी बारीक आट्यांचे, ढिले न पडणारे स्क्रू लागतात.

उत्तेजित निओडिमियमचे आयुष्य सुमारे २३० मायक्रोसेकंद, तेव्हा दिव्याचा झोतही साधारण तेवढाच आखूड असावा. तो कपॅसिटर (वीज साठवणारा घटक) आणि इंडक्टर (प्रवाहाचा वेग आवरणारे वेटोळे) यांनी ठरतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १,००० व्होल्टला ५० जूल साठवतो. वीज बंद केल्यावरही तो जीव घेऊ शकतो, म्हणून साठलेली वीज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर कायमचा जोडलेला हवा आणि हात घालण्यापूर्वी व्होल्टेज मोजलेच पाहिजे. या लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, तरी दृष्टिपटल जाळतो. साधा काळा गॉगल त्याला अडवत नाही; त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा खोलीतल्या प्रत्येकाने घातलेला असावा.