एफ फॉर्मवर अंगठा कुणाचा, माहिती कुणाची?

रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागले तेव्हा रुग्णाच्या खासगीपणाची चर्चा सुरू झाली. मराठवाड्यात हा प्रश्न त्याआधीच सोनोग्राफी सेंटरच्या टेबलावर, एफ फॉर्मच्या, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भरावा लागणाऱ्या अर्जाच्या रूपात पडून होता.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ वर आल्या. २०१२ मध्ये परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघड झालं आणि एफ फॉर्मची तपासणी कडक झाली.

वाद पेटला तो नोंदीतल्या चुकीवरून. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद अपुरी किंवा चुकीची असेल, तर कायदा ती चूकच थेट उल्लंघन मानतो. एखादा रकाना कोरा राहिला म्हणून सोनोग्राफी मशीन सील का करता, असं डॉक्टर विचारत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवली, आणि ते योग्यच झालं. बंद खोलीत काय घडलं याचा माग तेवढ्या एका कागदावरच उरतो.

पण त्याच कागदावर बाईचं नाव, पत्ता, फोन नंबर असतो. जिवंत मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं काय, हेही लिहावं लागतं. ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ या मजकुराखाली ती सही करते किंवा अंगठा उठवते. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल वर, सरकारी यंत्रणेकडे जातो. ही माहिती कोण बघणार, हे तिला सांगणारी एक ओळही फॉर्मवर नाही. पहारा डॉक्टरवर बसवला, पण घरदार उघडं पडलं ते तिचं. इतक्या वर्षांच्या वादात हे फारसं कुणी लावून धरलं नाही, याचं वाईट वाटतं.

उपचारांची कागदपत्रं रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, हा नियम २००२ चा. पण दिवाळीच्या सुमारास टोळीसोबत ऊसतोडीला फडावर गेलेल्या बाईने ती मागायला यायचं कधी? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी झाली. सोनोग्राफीत नेमकं काय दिसलं होतं, हा प्रश्न अशा वेळीच उभा राहतो.

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात संमतीची सूचना मराठीतही मागता येते. मात्र कायद्यानुसार सरकारला द्यावी लागणारी माहिती संमतीच्या अटीतून सुटते. म्हणजे एफ फॉर्म आहे तिथेच आहे.