इलेक्ट्रिक ग्रिल घेताना: प्रेसचा की जाळीचा?

मुंबईत विजेच्या सामानाचा बाजार असलेल्या लोहार चाळीतल्या दुकानात किंवा एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर ‘इलेक्ट्रिक ग्रिल’ मागितला की दोन पूर्णपणे वेगळी उपकरणे समोर येतात. पहिले पुस्तकासारखे मिटणारे, दोन जाड पाट्यांचे असते. त्यात पदार्थ वरून आणि खालून एकाच वेळी दाबला जातो, आणि त्याला बहुतेक जण प्रेस ग्रिल किंवा नुसतेच सँडविच ग्रिलर म्हणतात. दुसरे उघडे आणि लांबट असते, वर जाळी, तिच्याखाली वळणे घेत गेलेली कॉइल आणि त्याखाली पाण्याचा ट्रे अशी त्याची रचना असते, आणि ते बार्बेक्यू ग्रिल या नावाने विकले जाते. दोन्हींच्या खोक्यांवर रेघारेघांचे खरपूस चिकन छापलेले असल्यामुळे घेणाऱ्याचा समज असा होतो की काम एकच आहे, फक्त आकार आणि किंमत वेगळी आहे. प्रत्यक्षात एकाचे काम दुसरा नीट करू शकत नाही.

फरक आहे तो उष्णता पदार्थापर्यंत कशी पोचते यात. प्रेस ग्रिलमध्ये तापलेली पाटी पदार्थाला थेट चिकटते आणि उष्णता त्या स्पर्शातूनच आत शिरते, म्हणजे तत्त्वतः तो दोन्ही बाजूंनी तापणारा तवाच आहे. जाळीच्या ग्रिलमध्ये पदार्थ फक्त तारांपुरता टेकलेला असतो, आणि त्याला खरी भाजते ती खालच्या लाल झालेल्या कॉइलमधून येणारी किरणांची धग, जी अंतर वाढले की झपाट्याने कमी होते. मांस किंवा पनीर तपकिरी आणि खमंग होण्यासाठी त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जावा लागतो. पृष्ठभाग ओला आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. मिटलेल्या पाट्यांमध्ये सुटलेले पाणी आणि वाफ कोंडली जाते, त्यामुळे दह्यात मुरवलेला ओलसर तुकडा तिथे भाजण्याऐवजी उकडल्यासारखा होण्याचा धोका असतो. जाळीवर वाफ मोकळी निघून जाते, पण तिच्याबरोबर बरीचशी उष्णताही निघून जाते. म्हणूनच दीड सेंटिमीटर जाडीचा हाडाविना चिकनचा तुकडा नीट तापलेल्या प्रेसमध्ये सहा ते आठ मिनिटांत शिजतो, तर उघड्या जाळीवर त्यालाच उलटसुलट करत वीस-पंचवीस मिनिटे द्यावी लागतात.

सँडविचच्या बाबतीत फार विचार करण्याची गरज नाही. मुंबईच्या नाक्यांवरचा सँडविचवाला ब्रेडला बाहेरून लोणी फासतो, आत चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि वर चीज घालतो, झाकण दाबतो आणि वरच्या-खालच्या रेघा उमटल्या की चार तुकडे करून देतो. हे सगळे दाबावर आणि स्पर्शावर अवलंबून असल्यामुळे प्रेस ग्रिलशिवाय होत नाही. जाळीवर ठेवलेला ब्रेड फक्त सुकतो. त्रिकोणी खाचांचा जो छोटा सँडविच टोस्टर मिळतो त्याला मात्र ग्रिल समजू नये, कारण त्याच्या ठरलेल्या साच्यात ब्रेडखेरीज फारसे काही मावत नाही.

मासळीकडे वळले की प्रश्न खरा रंगतो, आणि मुंबईच्या घरात तो टाळताही येत नाही. सुरमईच्या समान जाडीच्या तुकड्या प्रेसमध्ये चांगल्या होतात, अट एवढीच की वरचे झाकण पूर्ण वजनाने मासळीवर बसू द्यायचे नाही. ज्या ग्रिलला उंची अडकवून ठेवण्याची खिट्टी असते तोच त्यासाठी घ्यावा. रव्यात घोळवलेली तुकडी मात्र प्रेसमध्ये घालू नये, कारण रवा कुरकुरीत होतो तो तेलात, आणि इथे तो वरच्या पाटीला चिकटून झाकण उघडताना मासळीवरून सोलून निघतो. पापलेट किंवा बांगडा अख्खा भाजायचा असेल तर जाळीचा ग्रिल उजवा ठरतो: माशाचा मधला भाग जाड आणि शेपटीकडचा पातळ असल्यामुळे सपाट पाटी त्याला सगळीकडे सारखी लागत नाही, उलट किरणांच्या धगीला आकाराची फारशी अडचण नसते. त्यासाठी माशाला तिरप्या चिरा द्याव्यात, आतपर्यंत मसाला भरावा, जाळीला आणि माशाला दोन्हींना तेलाचा हात लावावा आणि पहिली बाजू स्वतःहून सुटेपर्यंत त्याला हलवू नये. ओल्या बोंबलाच्या वाटेला मात्र दोन्ही ग्रिलनी जाऊ नये. वजनाखाली ठेवून पाणी काढल्यावरही तो इतका मऊ असतो की प्रेसमध्ये त्याचा लगदा होतो आणि जाळीवर तो तारांमधून खाली उतरतो. त्याची जागा तव्यावरच.

चिकनचा निकषही हाड आहे की नाही हाच. हाडाविना तुकडे, चपटे थापलेले खिम्याचे कबाब, पनीरच्या किंवा मक्याच्या टिक्क्या यांना प्रेस उत्तम, विशेषतः पाटी पुढच्या बाजूला थोडी उतरती असेल तर, कारण सुटलेली चरबी आपोआप खालच्या तबकात जमा होते. १९९४ मध्ये अमेरिकेत मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन यांच्या नावाने आलेला ग्रिल याच उतरत्या पाटीच्या जोरावर घरोघरी पोचला. तंगडीचे तसे नाही. हाडामुळे वरची पाटी तिरकी बसते, टेकलेला भाग करपतो आणि हाडाजवळचे मांस गुलाबी राहते. तंगडी जाळीवर, कमी आचेवर, सारखी फिरवत करावी आणि तिच्या सर्वांत जाड भागाचे आतले तापमान ७४ अंशांपर्यंत पोचले आहे याची खात्री करावी. अन्नाचा थर्मामीटर ही त्यासाठी चैन नव्हे. सळईवर ओवलेला पनीर टिक्का आणि कणीस हेही जाळीचेच पदार्थ आहेत. भरताचे वांगे मात्र गॅसच्या ज्योतीवरच भाजावे, कारण घरगुती कॉइलवर साल करपायच्या आधीच ते आतून गळून जाते आणि भरताला हवा तो वास येत नाही.

वासाचा विषय निघालाच आहे तर एक अपेक्षा आधीच खाली आणलेली बरी. कोळशावरच्या कबाबाला जो धुरकट स्वाद असतो तो बराचसा निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीच्या धुरातून येतो. इलेक्ट्रिक बार्बेक्यूमध्ये ही चरबी पाण्याच्या ट्रेमध्ये पडावी, म्हणजे धूर होऊच नये, अशीच रचना केलेली असते. त्यामुळे दोन्हींपैकी कोणत्याही ग्रिलमधून तो स्वाद आपोआप मिळणार नाही. हवाच असेल तर शिजलेले तुकडे पातेल्यात घालून, मध्ये वाटीत पेटलेला निखारा ठेवून, त्यावर तुपाचे थेंब सोडून झाकण लावावे आणि धुंगार द्यावा. तरीही जाळीच्या ग्रिलचा धूर शून्य नसतो, कारण काही थेंब कॉइलवर पडतातच, आणि चिमणी नसलेल्या स्वयंपाकघरात किंवा काचा बसवून बंद केलेल्या गॅलरीत तो तासभर घुटमळतो. बरे, धुरासाठी पंखा लावावा तर त्याचा वारा थेट जाळीवर आल्यास पदार्थाचा पृष्ठभाग निवतो आणि वेळ आणखी वाढतो. खिडकीजवळ जागा नसेल आणि शेजारचे दार चार हातांवर असेल, तर माझ्या मते प्रेस ग्रिलच घ्यावा. तोही धूर करतो, पण थोडा आणि थोडाच वेळ.

विजेचा हिशेब दुकानदार सहसा सांगत नाही, आणि जुन्या इमारतींत खरी अडचण तिथेच येते. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा असल्यामुळे ओट्यावरच्या नेहमीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १३८० वॉटपर्यंतचे उपकरण चालवता येते. लहान प्रेस ग्रिल ७०० ते १००० वॉटचे असतात, ते त्यावर चालतात. पण मोठे प्रेस १५०० वॉटच्या पुढे जातात आणि जाळीचे ग्रिल बहुधा २००० वॉटचे असतात, म्हणजे त्यांना जवळपास ९ अँपिअर लागतात आणि फ्रिज किंवा गीझरसाठी असते तसे १६ अँपिअरचे सॉकेट हवे. जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो; तो वापरू नये, आणि एक्स्टेंशन बोर्डवरही ग्रिल लावू नये, कारण तार आणि सॉकेट तापत राहतात आणि ते लक्षात येते तेव्हा प्लास्टिक वितळू लागलेले असते. दोन्ही उपकरणांचे शरीर बरेचसे धातूचे असल्यामुळे अर्थिंग तपासून घेणे अनिवार्य आहे. खर्चाचे म्हणाल तर १५०० वॉटचा प्रेस तापवण्यासह तेरा-चौदा मिनिटे चालला तर युनिटचा साधारण तिसरा हिस्सा खातो. २००० वॉटची जाळी पस्तीस मिनिटे चालली तर एका युनिटच्या थोडे वर जाते. हा फरक रोजच्या वापरात जाणवेल, महिन्यातून एकदा पार्टी करणाऱ्याने त्याची काळजी करू नये.

सफाईच्या बाबतीत जाळी सोपी आहे: गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ती भिजत ठेवावी, कॉइल मात्र गार झाल्यावर नुसती पुसावी. प्रेसच्या पाट्या निघणाऱ्या असतील तरच नियमित मांसाहारासाठी घ्यावा. न निघणाऱ्या पाट्यांच्या खाचांत हळद, मसाला आणि लोणी साचून बसते, उपकरण पाण्यात बुडवता येत नाही आणि तारेची घासणी लावली की नॉनस्टिकचा थर जातो. हा थर टेफ्लॉनच्या जातीचा असेल तर तो २६० अंशांच्या वर बिघडू लागतो, म्हणून पाट्या रिकाम्या तापत ठेवू नयेत; घरात पिंजऱ्यातले पक्षी असतील तर अधिकच जपावे, कारण अतितापलेल्या थराचा धूर त्यांच्या जिवावर बेततो.

अलीकडे १८० अंशांत उघडणारे प्रेस ग्रिल ‘टू इन वन’ म्हणून विकले जातात आणि घेणाऱ्याला वाटते की जाळीचा ग्रिल फुकट मिळाला. पूर्ण उघडल्यावर त्याच्या दोन पाट्या शेजारीशेजारी आडव्या होतात, दुप्पट जागा मिळते, त्यावर भाज्यांचे काप, पनीर किंवा सुरमईच्या तुकड्या सुखाने भाजता येतात. पण उष्णता अजूनही स्पर्शातूनच जाते, चरबी जाळीतून खाली पडत नाही आणि सळया त्यावर ठेवून उपयोग होत नाही. तो मोठा इलेक्ट्रिक तवा आहे असे समजून घेतला तर पैसे वसूल होतात. दोन-चार माणसांच्या घरात, जिथे सकाळी सँडविच आणि रात्री कधीतरी कबाब होतात, तिथे निघणाऱ्या पाट्यांचा, थर्मोस्टॅटचा आणि १८० अंशांत उघडणारा असा प्रेस हीच माझी शिफारस राहील. जाळीचा ग्रिल त्यांनीच घ्यावा ज्यांच्या घरी अख्खी मासळी आणि तंगडी वरचेवर भाजली जाते, ओट्याजवळ मोकळी खिडकी आहे आणि १६ अँपिअरचे सॉकेट हाताशी आहे.