पोटावर जखम नाही म्हणजे आत काही झालं नाही?

फिरत आलेला समज असा: पोटाला मार लागला, पण रक्त आलं नाही आणि वळही नाही, तर तेल चोळा, गरम चहा द्या, झोपू द्या.

वरून काही दिसत नाही, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण पोटाची भिंत मऊ असते. धक्का ती आत सोडते. तिथे प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) आणि यकृत रक्ताने भरलेले. सायकलवरून पडताना हँडलचं टोक बेंबीच्या वर रुतलं, तर कातडीवर रुपयाएवढा लाल डाग उरतो आणि आत स्वादुपिंड किंवा आतडं मणक्यावर चिरडलेलं असू शकतं. आतडं फाटल्याची लक्षणं कधी काही तासांनी येतात.

रक्तदाबावरही विसंबू नका. मोठ्या माणसात सुमारे 5 लिटर रक्त. त्यातलं लिटरभर जाईपर्यंत दाब बऱ्याचदा ठीकच दिसतो. आधी वाढते नाडी. मिनिटभर मोजा: शांत पडून असताना शंभराच्या वर, हातपाय गार, घाम, तर धोका. पोट फळीसारखं कडक, लघवीत रक्त, किंवा खांद्याला मार नसताना डावा खांदा दुखणं (प्लीहेचं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागतं) हेही तसंच.

108 ला फोन करा. उताणं झोपवून गुडघे दुमडा, पांघरूण घाला. चोळणं, शेकणं नको. पाण्याचा घोटही नाही. भूल द्यावी लागली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते. आणि पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.